मनूचं फोल्डर

"टेबलाखालनं बाहेर या आधी," मी म्हटलं. "गुडघा धरला की ओढून काढायला मीच आहे."

"थांब गं. वायर सैल असेल."

"सकाळपासनं तीच वायर काढताय आणि तीच घालताय. तिला तोंड असतं तर हात जोडले असते तिनं."

"तोंड असतं तर हात कसे जोडले असते?" टेबलाखालनं आवाज आला. अशा वेळीसुद्धा माझी चूक काढायची संधी ह्यांनी सोडली नाही.

रविवार होता. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं. आमच्या कऱ्हाडच्या घरी, पुढच्या खोलीत, स्टुडिओ बंद केल्यावर उचलून आणलेला तो जुना कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात एक छोटासा ढग असायचा, म्हणजे इंटरनेटवर फोटो ठेवायची जागा. ढग कोरा दिसला की सगळं ठीक. त्या दिवशीही तो कोराच होता, पण त्याच्या आतलं 'मनू' नावाचं फोल्डर गायब होतं. मागच्या रविवारी नवीन फोटो आले नव्हते, तेव्हा म्हटलं, असेल पोरगी कामात. पण आज फोल्डरच नाही. सगळे जुने फोटोसुद्धा त्याच्याबरोबर गेले.

मनू म्हणजे मृण्मयी, आमची नात. आमच्या प्रसन्नची मुलगी. प्रसन्न आणि केतकीचं पटलं नाही, काडीमोड झाला, तेव्हा मनू दीड वर्षाची होती. केतकी तिला घेऊन बंगळूरला गेली आणि पुढं तिनं दुसरं लग्न केलं. प्रसन्न पुण्यात एकटा राहायचा. कोर्टानं त्याला पोरीला भेटायची मुभा दिली होती, पण हा पठ्ठ्या एकदासुद्धा गेला नाही. "तिचं तोंड बघायचं नाही मला," एवढंच म्हणायचा. अरे, पोरीनं काय घोडं मारलंय तुझं? पण नाही. हट्ट कुणाचा घेतलाय ते काही मी सांगत नाही, ते त्या वेळी टेबलाखाली होते.

केतकीनं मात्र आमच्याशी माणुसकी ठेवली. जाताना म्हणाली होती, "आई, फोन नको, व्हिडिओ कॉल नको. तिकडं नवीन घर आहे, पोरीचा गोंधळ होईल. पण मी फोटो टाकत जाईन. तुमच्या कॉम्प्युटरवर आपोआप येतील." आणि तिनं शब्द पाळला. दर रविवारी सकाळी ढगावर बारीकसं चक्र फिरायला लागायचं. हे ओरडायचे, "अगं ये, आली!" मी गॅस बारीक करून पळायची. मनू सायकलवर, मनू दाताशिवाय हसताना, मनू कुणाच्या तरी लग्नात परकर-पोलक्यात. नात आमची एवढीच. तिला हात लागत नव्हता, पण ती वाढताना दिसत होती. त्या फोल्डरवर आम्ही दोघं जगत होतो म्हटलं तरी चालेल.

म्हणून ते गेलं तेव्हा ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. राउटर बंद केला, चालू केला. तो ढगाचा प्रोग्रॅम काढून परत टाकला, पासवर्ड बदलला, मग बदललेला पासवर्ड विसरले. केबलवाल्याला फोन करून इतकं बोलले की तो बिचारा आंघोळीच्या ओल्या अंगानं येऊन खांबावर चढला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"आता रेहानाला बोलवा," मी म्हटलं. "नाहीतर घराला आग लावाल."

रेहाना मुल्ला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. चाळिशीची बाई, बोलायला मोकळी. रविवारी दुकान बंद, तरी जेवण उरकून आली.

"काय काका, काय मोडून ठेवलंय?"

"मी काही मोडलेलं नाही. कनेक्शन गेलंय."

"बघू की."

ती खुर्चीवर बसली, हे तिच्या डाव्या खांद्याशी उभे, मी उजव्या. तिनं आधी एक बातम्यांचं पान उघडलं. पटकन उघडलं. मग तिनं आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीचा एक फोटो तिच्या फोनवर काढला, कॉम्प्युटरवर घेतला, ढगात टाकला. चक्र फिरलं, थांबलं. विसरलेला पासवर्ड नव्यानं लावून तिनं फोनवर आमचंच खातं उघडून दाखवलं. जास्वंद तिथं हजर.

"काका, इंटरनेट ठीक, ढग ठीक, तुमचं खातं ठीक. वर जातंय, खाली येतंय. कनेक्शनला काहीसुद्धा झालेलं नाही."

"मग मनू कुठंय?"

"ते फोल्डर तुम्ही बनवलं होतं का?"

"केतकीनं. आमच्या सुनेनं," मी म्हटलं. 'सून होती' म्हणायला जीभ वळली नाही.

रेहानानं दोन-तीन ठिकाणी बघितलं. मग ती हळू झाली. दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट वाचताना होतात तशी.

"काकू, तुम्हाला त्या फोल्डरमधनं काढलंय. त्यांनी."

"काढलंय म्हणजे?"

"म्हणजे फोल्डर आहे. त्यांच्याकडं आहे. फक्त तुम्हाला दिसू नये असं केलंय."

 मग माझ्या डोक्यात जे गेलं ते विचारू नका. "बघा! बघा तुमची गुणाची सून!" मी ह्यांना म्हटलं. "आमची केतकी अशी, आमची केतकी तशी. नवरा मिळाला, सासू मिळाली, आता म्हातारा-म्हातारी कशाला हवीत?"

"काकू, चुकून पण होतं. एक बटण दाबायचं असतं दुसरं दाबलं जातं. फोन करून तर बघा."

हे चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले.

फोन करायचा नाही असं ठरलेलं होतं. पण ठरलेलं सगळं तिनंच मोडलं होतं, मग मी कशाला पाळू? मी नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"हॅलो, केतकी? मी आई बोलतेय, कऱ्हाडहून."

पलीकडं पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"बोला."

"अगं, मनूचं फोल्डर दिसेना झालंय. इथं रेहाना आलीय बघायला. ती म्हणते तू आम्हाला काढलंस. म्हटलं, चुकून झालं असेल."

"चुकून नाही, आई. मी काढलं."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. भांडायला मी तयार होते, पण ती भांडतच नव्हती.

"का गं? आम्ही काय केलं?"

"बाबांना विचारा."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर कोडं पडलेलं, आणि ते सोंग नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात मला ह्यांची सोंगं ओळखू येतात.

"मी काय केलं?" हे म्हणाले.

"तुम्ही मला कापलंत, बाबा." आता तिचा आवाज हलला. "बारशाचा फोटो. पाळण्यात मनू आहे, पाळण्याची दोरी धरलेला हात आहे, मी नाही. पहिल्या वाढदिवसाचा, मनू मांडीवर आहे आणि मांडी कुणाची ते कळत नाही. समुद्रावरचा. शाळेच्या पहिल्या दिवसाचा. माझ्या आईनं एक फोटो मागितला म्हणून मी फोल्डर उघडलं, तर मी कुठल्याच फोटोत नाही! माझ्या पोरीच्या एकाही फोटोत मी नाही. आधी वाटलं, प्रसन्ननं केलं असेल. मग कुणी बदललं ते बघितलं, तर तुमचं नाव."

मी म्हणणार होते, काहीतरी बोलू नकोस, हे असं कशाला करतील. तेवढ्यात हेच बोलले.

"पण... ते तुला कसं दिसलं?"

 रेहानानं माझ्याकडं बघून मान खाली घातली.

"म्हणजे तुम्ही कापलेत?" मी विचारलं.

"इथले कापले. आपले." हे माझ्याशी बोलत होते की फोनशी, कळत नव्हतं. "केतकी, अगं तुझे तुझ्याकडं असतील की. मी आमच्या कॉम्प्युटरवरचे कापले. प्रिंटला कात्री लावली म्हणून निगेटिव्हला काय होतंय?"

आता हे सांगितलं पाहिजे. ह्यांचा रूपम फोटो स्टुडिओ एकतीस वर्षं चालला. त्या स्टुडिओचा एकच धर्म होता. प्रिंट गिऱ्हाइकाचं, निगेटिव्ह आपलं. लोक भांडून यायचे, ह्या फोटोतनं भावाला काढा म्हणायचे, मेव्हण्याला काढा म्हणायचे. हे काढून द्यायचे. दोन वर्षांनी समेट झाला की तेच लोक यायचे, आणि हे निगेटिव्ह शोधून परत अख्खा फोटो द्यायचे. "माणसं कापाकापी करणारच," म्हणायचे, "आपण मूळ सांभाळायचं." लग्न होऊन आल्यावर केतकी स्टुडिओच्या काउंटरवर बसायची, तिलाही हेच शिकवलेलं. पुढं कॅमेरे बदलले, सगळं कॉम्प्युटरवर आलं, पण ह्यांच्या मनात ते तसंच राहिलं. बंगळूरला केतकीकडं निगेटिव्ह, आणि इथं आपल्याकडं प्रिंट.

"काका," रेहाना हळू म्हणाली, "ह्यात प्रिंट-निगेटिव्ह असं नसतं. फोटो एकच असतो. तुम्ही इथं कापला की तिथंही तोच कापलेला दिसणार."

"सगळ्यांकडं?"

"सगळ्यांकडं."

ह्यांनी टेबलाची कड धरली. मी खुर्ची सरकवली तर बसले नाहीत. "म्हणजे मी मूळच कापलं?" म्हणाले. "केतकी, मी मूळ कापलं गं?" आणि माझ्यासमोर कधी रडले नव्हते ते परक्या बाईसमोर रडायला लागले. मला त्यांचा राग आला होता तो कुठं ठेवावा ते समजेना.

रेहानाच सावरली. फोनकडं वाकून म्हणाली, "ताई, मी रेहाना. जुने फोटो गेलेले नसतात लगेच. महिनाभर तरी आधीचं रूप मागं ठेवलेलं असतं. तुमच्या खात्यातनंच परत आणता येईल. कॉम्प्युटरजवळ आहात का?"

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला सांगू दे," हे म्हणाले. डोळे पुसले आणि फोनजवळ सरकले. रेहाना त्यांच्या कानात सांगायची आणि हे फोनवर. "फोटोवर ये. उजवं बटण दाब. दाबलंस? आता खाली जुनं रूप असं काहीतरी असेल. मागच्या तारखांची यादी येईल. दिवाळीच्या आधीची तारीख घे. घाई करू नकोस, सावकाश." काउंटरमागं उभे राहून तिला शिकवायचे तसंच बोलत होते. मधे एकदा ती, "हे दिसत नाही बाबा," म्हणाली, आणि हे, "दिसेल दिसेल, अजून खाली बघ," म्हणाले. मला वाटलं, झालं. गाडं रुळावर आलं.

"आलं," केतकी म्हणाली.

"काय आलं?"

"मी."

 मग रेहानानं अख्खं फोल्डर एकदम मागच्या तारखेवर कसं न्यायचं ते सांगितलं आणि हे परत तेच फोनवर बोलले. बघता बघता सगळे फोटो परत आले. केतकी एकेक नाव घेत होती. बारसं आलं. समुद्र आला. शाळा आली. प्रत्येकाला हे "हां, हां" करत होते. चेहऱ्यावर हसू आलं होतं. मीही देवाला हात जोडले.

"मग आता आम्हाला घे परत त्यात," हे म्हणाले. "मी आता हातसुद्धा लावणार नाही. शपथ."

"बाबा, का कापलंत?"

"अगं तेच सांगतोय, मला वाटलं..."

"ते कळलं. माझ्याकडं पोचेल असं वाटलं नव्हतं. पण कापलंत का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मला काय माहीत? दिवाळीआधी दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसायचे, विचारलं तर, फोटो साफ करतोय, म्हणायचे. मी चकलीच्या भाजणीत.

"प्रसन्न येणार होता दिवाळीला," हे म्हणाले. "म्हटलं, त्याला पोर दाखवावी. बघितली तर विरघळेल, भेटायला जाईल. पण तो तुझं... तो म्हणतो ना, तोंड बघायचं नाही. फोटोत तू दिसलीस की तो उठून जाणार. म्हणून म्हटलं, नुसती मनू दाखवू."

"मग बघितले त्यानं?"

"बघितले की."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मोठी झालीय."

ते खोटं होतं. मी स्वयंपाकघरातनं ऐकलं होतं. प्रसन्ननं चार-पाच फोटो बघितले आणि, "बाबा, हे बंद करा," म्हणून उठून गच्चीवर गेला होता. मला राहवलं नाही.

"काही म्हणाला नाही गं," मी म्हटलं. "उठून गेला."

"म्हणजे मला कापूनही उठून गेला."

"हो."

केतकी रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती दमल्यासारखी बोलत होती. "बाबा, तुमची चूक एवढीच झाली की ते माझ्यापर्यंत पोचलं. पोचलं नसतं तर? तर तुम्ही तिथं मला कापत राहिला असता, आणि मी इथनं दर रविवारी तुम्हाला फोटो पाठवत राहिले असते. आनंदानं."

"केतकी, मुलगा आहे गं तो माझा."

"माहितेय. म्हणून तर त्याच्यासाठी मी कापली जाते. तुमच्या घरात मी होते तेव्हाही असंच होतं, बाबा. तो रागावू नये म्हणून तुम्ही मला गप्प बसवायचात. ‘जरा तू आत जा केतकी, तो शांत झाला की ये.’ आठवतंय? मी जायची. चांगली माणसं आहेत, मनात काही नाही, म्हणून जायची. तुमच्या मनात काही नसतं हे मला आजही पटतं. पण आता मनू बघते सगळं. तिच्यासमोर मी आत जाणार नाही."

  खरं होतं ते. मीही होते की त्याच घरात. हे सावकाश वळले आणि मागच्या गॅलरीत गेले. दार लोटल्याचा आवाज आला.

"पोरी, म्हातारपणी एवढी शिक्षा नको," मी म्हटलं. भीक मागायचीच राहिली होती, तीही मागितली. "फोटो नकोत सगळे. वर्षाला एक टाक. वाढदिवसाचा."

"आई, शिक्षा नाही हो ही. मी चार दिवस तुमच्या फोनची वाट बघितली होती. काढायच्या आधी. वाटलं, कापलेले फोटो तुमच्याही नजरेला पडतील, ठरलेलं मोडून तुम्ही तरी करालच फोन." ती थांबली. "आता नको. मला जमणार नाही."

रेहाना पदराशी चाळा करत भिंतीकडं बघत उभी होती. मी काय बोलावं ते शोधत होते, आणि तेवढ्यात फोनमध्ये बारीक आवाज आला. झोपेतनं उठलेल्या पोराचा, जरासा बसका.

"मम्मा, कोण आहे?"

माझा हात आपोआप फोनवर गेला.

"आजी आहेत, बाळा," केतकी म्हणाली. तेवढं तिनं केलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

"आजी?" मनू म्हणाली. "आजी तर आत झोपलीय."

  केतकीनं हळूच, "ठेवते हं आई," म्हटलं आणि फोन बंद झाला.

रेहाना गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. मी चहा टाकला, त्यात साखर घालायची विसरले, कप घेऊन गॅलरीत गेले. हे कठड्याला धरून उभे होते. डोळे लाल झालेले.

"दारातनं आवाज आल्यासारखा वाटला," म्हणाले. "मनू होती का?"

"होती."

"बोलली? काय म्हणाली गं?"

मी कप त्यांच्या हातात दिला.

"आजी म्हणाली," मी म्हटलं.

"ओळखलं म्हणजे तुला!" त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून पुढचं सांगायची माझी छाती झाली नाही. "आवाजावरनं ओळखलं! रक्ताचं असतं ते. कापून कापलं जात नाही." आणि बिनसाखरेचा चहा एका दमात पिऊन टाकला.

फोल्डर परत आलं नाही. पुढं प्रसन्नही एकदा गेला होता म्हणे बंगळूरला, उशिरा, आणि तसाच परत आला. हे गेले त्याला आता चार वर्षं झाली. शेवटपर्यंत जो येईल त्याला कौतुकानं सांगायचे, नातीनं हिला नुसत्या आवाजावरनं ओळखलं. लोक माझ्याकडं बघायचे, आणि मी होय म्हणायची.